गुडघे न वाकवता

माझी मुलगी सातवीत असताना शाळेत त्यांची फिटनेस टेस्ट झाली. एक लाकडी खोका असतो. त्याला तळपाय टेकवून, पाय सरळ पसरून बसायचं आणि गुडघे न वाकवता हात जमतील तितके पुढे न्यायचे. खोक्यावर पट्टी आखलेली असते, बोटं कुठवर पोचली ते पीटीचे सर बघतात. माझ्या मुलीची बोटं पायाच्या अंगठ्यापर्यंतसुद्धा गेली नाहीत. ती शाळेच्या खो-खोच्या टीममध्ये होती, पळण्यात वर्गात पहिली होती, आणि मधल्या सुट्टीत बाकावरून न हलणाऱ्या मुलीसुद्धा तिच्या पुढे गेल्या. घरी आली ती तणतणतच. दप्तर सोफ्यावर फेकलं आणि हॉलच्या लादीवर, भिंतीला तळपाय लावून बसली.

"पप्पा, मागून ढकल मला."

माझी त्या दिवशी सकाळची शिफ्ट झाली होती, म्हणून मी घरी होतो. आम्ही खांदेश्वरला राहतो. मी मूळचा उरणकडचा, आणि तिकडच्याच बंदरात क्रेन चालवतो. उंचावरच्या केबिनमध्ये बसून, पायाखालच्या काचेतून खाली बघत कंटेनर उचलायचे आणि ठेवायचे. दिवसभर कमरेतून पुढे झुकून दोन गुडघ्यांच्या मधून खाली बघत राहायचं काम. त्यामुळे पाठ धरणं, पायाच्या शिरा आखडणं हे आमच्यासारख्या बाप्यांचं दुखणं, लहान पोरांचं नव्हे, असं मी धरून चाललो होतो.

मी दोन्ही तळवे तिच्या पाठीवर ठेवले आणि हळूच दाब दिला.

"अजून."

"दुखतंय का?"

"मांडीच्या मागे ओढतंय. तू ढकल ना."

मी ढकललं आणि माझे दोन हात एका पातळीत नाहीत असं मला जाणवलं. उजवा तळवा वर होता, डावा खाली. मला वाटलं मीच वेडावाकडा बसलोय. सरळ बसून परत हात ठेवले. तसंच. तिच्या पाठीची उजवी बाजू वर आली होती आणि डावी सपाट होती. मी हात काढून घेतले आणि बायकोला हाक मारली.

बायको नेरूळच्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. नुकतीच घरी आली होती, ओढणीसुद्धा काढली नव्हती. तिनं लेकीला तसंच वाकलेलं राहायला सांगितलं आणि मणक्यावरून वरून खाली बोट फिरवलं. बोट सरळ खाली आलं नाही. मधेच बाजूला गेलं आणि परत आत आलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"काय झालं?" खाली मान घातलेल्या लेकीनं विचारलं. "बोला ना कोणीतरी. मला असं वाकून दुखतंय."

नेरूळच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून घेतला आणि दिव्यासमोर लावला. मला त्यातलं कळायला डॉक्टर लागले नाहीत. पाठीचा कणा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जी सरळ रेघ येते, ती तिथे नव्हती. इंग्रजी एस अक्षर कोणीतरी दोन्ही टोकांना धरून थोडं ताणावं, तसं दिसत होतं. आमची लेक खुर्चीत बसून त्या फोटोकडे बघत होती. रडली नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "हे माझंच आहे ना? नक्की?"

डॉक्टर भले होते. त्यांनी आमच्याआधी तिला समजावून सांगितलं. पाठीच्या या बाकाला कारण सापडत नाही, वाढीच्या वयात तो येतो, मुलींमध्ये जास्त वाढतो. दप्तराच्या वजनानं येत नाही, मोबाईल बघून येत नाही, वाकडं बसल्यानंही येत नाही. हे शेवटचं ऐकून बायकोनं इतका मोठा श्वास सोडला की डॉक्टर थांबले. ती रोज लेकीला "सरळ बस, सरळ बस" म्हणून ओरडायची. तिला आदल्या दिवसापासून वाटत होतं की आपण कुठेतरी कमी पडलो.

"ऑपरेशन?" मी विचारलं.

"आत्ता नाही. आत्ता हिची उंची वाढतेय, त्या काळात बाक वाढू द्यायचा नाही. त्यासाठी ब्रेस, म्हणजे पाठ धरून ठेवणारा साचा. अंगाच्या मापाचा बनवून घ्यायचा, दिवसातला बहुतेक वेळ घालायचा. सोबत व्यायाम."

"मी खो-खो खेळू शकते का?" लेकीनं विचारलं.

"खेळायलाच पाहिजेस. तेवढ्या वेळापुरता ब्रेस काढायचा."

ती मान हलवून एक्स-रेकडे बघायला लागली. मला वाटतं, तिच्यापुरता महत्त्वाचा विषय तिथे संपला होता.

डॉक्टरांनी ज्या फिजिओथेरपीच्या मॅडमकडे पाठवलं त्या माझ्यापेक्षा वयानं लहान होत्या आणि भराभर बोलायच्या. त्यांनी लेकीला टेबलावर उताणी झोपवलं आणि एकेक पाय, गुडघा सरळ ठेवून, टाचेला धरून वर उचलला. डावा पाय बऱ्यापैकी वर गेला. उजवा अर्ध्यातच थांबला आणि तिचा गुडघा आपोआप वाकायला लागला. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "मांडीच्या मागचे हे स्नायू खाली गुडघ्याला आणि वर कमरेच्या हाडाला धरलेले असतात. ते आखडले की कंबर मागून ओढून धरतात. मुलांची हाडं या वयात भराभर वाढतात, स्नायू मागे राहतात, म्हणून खूप मुलांमध्ये हे दिसतं. पाठीला बाक असलेल्या माझ्याकडच्या मुलांमध्ये तर मला ते नेहमीच बघावं लागतं. हिचा उजवा जास्त धरलाय."

"मग हे मोकळे झाले की पाठ सरळ होईल?" बायकोनं विचारलं. तिच्या आवाजात इतकी आशा होती की मीच खाली बघितलं.

"नाही, ताई. खोटं नाही सांगणार. बाक थोपवायचं काम ब्रेसचं आणि पाठीच्या व्यायामांचं. पायांचं काम वेगळं आहे." मग त्यांनी खिशातलं पेन काढून जमिनीवर टाकलं आणि लेकीकडे वळल्या. "बाळा, ब्रेस घातला की पाठ अजिबात वाकणार नाही. मग हे पेन उचलताना तू वाकणार कुठून?"

लेकीनं विचार केला. "खुब्यातून?"

"बरोबर. आणि खुब्यातून वाकायचं तर मागच्या या शिरा सैल पाहिजेत. नाहीतर ब्रेसमध्ये तू एखाद्या पेटीसारखी होशील. बूट घालता येणार नाही, बाकाखाली पडलेलं रबर घेता येणार नाही, सगळ्याला दुसऱ्या कोणालातरी बोलवावं लागेल."

"मला नाही बोलवायचं कोणाला," लेक म्हणाली.

"मग रोज ताणायचं. दुखणार. पण सहन होईल इतकंच दुखू द्यायचं, त्याच्या पुढे जायचं नाही." एवढं बोलून मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "पप्पा काय काम करतात?"

मी सांगितलं.

"झोपा बघू टेबलावर."

मी बूट काढून झोपलो. त्यांनी माझा पाय उचलायला घेतला आणि तो लेकीच्या पायापेक्षाही खालीच अडला. मी "आई गं" म्हणून ओरडलो. एक्स-रे काढल्यापासून आमच्या घरात कोणी हसलं नव्हतं. तिथे त्या खोलीत, भिंतीला टेकून उभी असलेली माझी लेक हसायला लागली आणि तिला थांबताच येईना.

"आता दोघांनी मिळून करायचं," मॅडम म्हणाल्या.

तेव्हापासून आमच्या हॉलमधलं टीपॉय बाल्कनीत गेलं. लेक दाराच्या चौकटीत झोपायची. एक पाय दारातून पलीकडे सरळ, दुसरा चौकटीवर टेकवून वर. मी बेडरूमच्या चौकटीत. बायको कधी तिच्या पायाच्या तळव्यात जुनी ओढणी अडकवून दोन्ही टोकं तिच्याच हातात द्यायची आणि सांगायची, "ओढ, पण गुडघा वर येऊ देऊ नकोस." सुरुवातीचे दिवस वाईट गेले. ती ओठ दाबून झोपायची आणि डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात जायचं. मी आकडे मोजायचो, तर म्हणायची, मोजू नकोस, मोजलं की जास्त दुखतं.

मग तिनंच उपाय काढला. पाय वर टेकवला की ती खो-खोच्या सामन्याची कॉमेंट्री सुरू करायची. मैदानात सगळ्या आमच्या सोसायटीतल्या बायका. सेक्रेटरी काकू धावतायत, तळमजल्यावरच्या आजी खांबाला वळसा घालतायत, आणि आता खो दिलाय माझ्या आईला, आई उठल्या, आईची ओढणी पायात अडकली! गडी बाद झाला की पाय खाली. गडी कधी बाद करायचा हे तिच्या हातात होतं, आणि ती रोज थोडा उशिरा बाद करायची. मला पलीकडच्या चौकटीत घाम फुटायचा, पण पोरगी पाय खाली घेत नाही म्हटल्यावर बाप कसा घेणार?

ब्रेस आला तो पांढऱ्या प्लास्टिकचा, काखेपासून कमरेच्या खालपर्यंत. मागचे पट्टे बायको ओढून बांधायची. आपल्याकडचा उकाडा तुम्हाला माहीत आहे, खाडीची हवा, साधा शर्ट अंगाला चिकटतो. त्यात ही पोर प्लास्टिकच्या आत. कमरेवर घामोळं उठलं, मग त्याची खाज. पेटीसारखी होशील म्हणून मॅडमनी सांगितलं होतं, तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं होतं. ब्रेस घालून पहिल्या दिवशी ती बूट घालायला स्टुलावर बसली आणि तिचे हात बुटाच्या लेसपर्यंत पोचेनात तेव्हा ते मला दिसलं. बायको पुढे झाली. लेकीनं तिला हातानंच थांबवलं. पाय स्टुलाच्या दांडीवर घेतला, खुब्यातून झुकली, पोचली नाही, परत झुकली. शेवटी एका बुटाची लेस बांधली आणि दुसरी तशीच बुटात खोचून ती शाळेत गेली. मी खिडकीतून ती गेटबाहेर जाईपर्यंत बघत होतो. एका बुटाची लेस बांधणाऱ्या मुलीचा इतका अभिमान कोणाला वाटला असेल का, मला माहीत नाही. मला वाटला.

शाळेतलं सगळं ती सांगायची नाही. एक दिवस घरी आली आणि दप्तरासकट पलंगावर बसली. स्वतःच पट्टे उपटून काढले आणि ब्रेस जमिनीवर टाकला. वर्गातल्या एका मुलीनं मागून तिच्या पाठीवर दार वाजवतात तसं टकटक केलं होतं. "कोणी आहे का घरात?" सगळा वर्ग हसला होता.

"मी नाही घालणार आता," ती म्हणाली. "होऊ दे वाकडी झाली तर."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो, तर बायकोनं मला डोळ्यांनी गप्प केलं. तिनं ब्रेस उचलून खुर्चीवर ठेवला, लेकीला खायला दिलं आणि तिच्याजवळ बसून राहिली. समजूत घातली नाही, रागावली नाही. बऱ्याच वेळानं लेक म्हणाली, "तुला कसं वाटलं असतं?"

"मी तर तिचे केस ओढले असते," बायको म्हणाली.

"आई!"

"खरं सांगते. तू विचारलंस म्हणून."

लेक उठून खुर्चीकडे गेली, पाठ वळवली आणि म्हणाली, "बांध." दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं परत टकटक केलं. हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. आमच्या लेकीनं मागे वळूनसुद्धा न बघता उत्तर दिलं, "आहे ना. पण अभ्यास चाललाय, नंतर या." या वेळी वर्ग हसला तो तिच्या बाजूनं. पुढे ती टकटक करणारी मुलगी तिची चांगली मैत्रीण झाली आणि आमच्याकडे येऊन पोहे खाऊन जाते.

त्या वर्षी खो-खोच्या टीममध्ये तिला घेतलं नाही. सरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ती पळायची पूर्वीसारखीच, पण पाटीवर बसून झटकन उठताना उजवा पाय मागे राहायचा. ती प्रॅक्टिसला मात्र रोज गेली. मैदानाच्या कडेला ब्रेस काढून मैत्रिणीकडे द्यायची, खेळायची, आणि परत बांधून घ्यायची. पट्टे किती घट्ट ओढायचे ते साऱ्या टीमला पाठ झालं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गावी, उरणकडे, माझ्या चुलतभावाची हळद होती. आमच्याकडची हळद म्हणजे सगळं गाव. दारात मांडव, बेंजोवाले, दुपारपासून माणसांची ये-जा. लेकीनं सैल कुडता घातला होता. आत ब्रेस होता. लग्नकार्यापुरता काढला तर चालेल असं बायको म्हणाली होती, तर उलट तिनंच विचारलं, "पाठीला कळतं का आज हळद आहे ते?"

माझी आत्या म्हातारी आहे आणि तिच्या मिठीतून कोणी सुटत नाही. तिनं लेकीला जवळ घेतलं आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

"आगो पोरी, पाटीला यो काय बांदलाय? मोरली काय गो पाट?"

पाठ मोडली की काय, हे विचारणारा आत्याचा आवाज बेंजोच्या वर गेला. मांडवातल्या बायका वळून बघायला लागल्या. बायको काहीतरी बोलायला पुढे झाली, पण तोवर लेकीनं आत्याचा हात आपल्या हातात घेतला होता. घरात ती मुंबईचं बोलते. त्या दिवशी ती आत्याशी आत्याच्या बोलीत बोलली.

"मोरली नाय गो आजी. जराशी वाकरी हाय. आजून वाकरी होऊ नये म्हनून यो घालतंय."

"मंग लगीन कसा व्हवाचा?"

"आजी, आधी दहावी होऊ दे."

बायका हसल्या, आत्या पण हसली आणि तिच्या गालाला हळद फासून मोकळी झाली. मी मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका नातेवाईकानं "पोर धीट आहे हां तुझी" म्हटलं, आणि मी मान डोलावली.

पण खरी गोष्ट पुढे आहे. जेवणं झाल्यावर घरातली सगळी चुलत, मावस पोरं गच्चीवर जमली. सगळ्यांना ब्रेस वाजवून बघायचा होता. लेकीनं वाजवू दिला. मग म्हणाली, आता माझा खेळ. सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून रांगेत उभं केलं. पाय जुळवा, गुडघे ताठ, आणि वाका, बघू कोणाचा हात कुठे जातो. मी पाण्याचा जग घेऊन वर गेलो तेव्हा पोरं वाकून हसत होती, धडपडत होती, आणि ती रांगेच्या मागून प्रत्येकाच्या पाठीकडे बघत चालली होती. डॉक्टर तिच्या पाठीकडे जसं बघायचे तसं, डोळे पाठीच्या पातळीला आणून.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीपाशी ती थांबली. ही पोर तेव्हा चौथीत होती, बारीकशी, दोन वेण्या. तिचे हात गुडघ्यांच्या जरा खाली जाऊन अडले होते. लेक क्षणभरच थांबली आणि पुढे गेली. शेवटच्या पोरापर्यंत जाऊन जाहीर केलं की सगळे पास, आणि खाली आईस्क्रीम वाटतायत. पोरं जिन्यावरून धावत सुटली. चौथीतल्या बहिणीचा हात मात्र तिनं हातात धरून ठेवला.

"पप्पा, तू जरा थांब." मग बहिणीला म्हणाली, "मला तुझं मघाशी नीट दिसलं नाही. परत एकदा वाक ना. मस्त वाकतेस तू."

पोर वाकली. लेकीनं मला आपल्या शेजारी गुडघ्यावर बसवलं आणि बोटानं हवेत रेघ ओढून दाखवली. मला धड काही दिसलं नाही. मी मान हलवून नाही म्हटलं. तिनं हलकेच माझे दोन्ही हात धरले आणि त्या पोरीच्या पाठीवर ठेवले. उजवा किंचित वर होता. अगदी किंचित.

"शाब्बास," लेक बहिणीला म्हणाली, "जा, आईस्क्रीम संपेल." ती गेल्यावर मला म्हणाली, "काकाला आत्ता सगळ्यांसमोर नको सांगू. तिला कळलं तर हळदीत रडत बसेल."

तेरा-चौदा वर्षांची पोरगी मला हे शिकवत होती.

दुसऱ्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, तिनंच काकीला स्वयंपाकघरात गाठलं. मी आणि भाऊ ओट्यावर बसलो होतो, आम्हाला आतलं ऐकू येत होतं.

"काकी, टेन्शन घेऊ नकोस. कदाचित काहीच नसेल. फक्त एक एक्स-रे काढून घ्या. माझं जितकं उशिरा कळलं ना, तितकं तिचं नको कळायला."

भाऊ माझ्याकडे वळला. तो कंटेनरचा ट्रेलर चालवतो, रागीट आहे. "तुझी पोरगी डॉक्टर झाली काय रं आता?"

"नाय," मी म्हणालो. "पण बघितलंय तिनं ते."

पुढच्या आठवड्यात भाऊ पोरीला घेऊन नेरूळला आला, लेकीला घेऊन मीही गेलो. आमचेच डॉक्टर, आमच्याच मॅडम. एक्स-रेमध्ये बाक होता, पण लहान. ब्रेस नको, म्हणाले, व्यायाम करा, पायाच्या शिरा मोकळ्या करा आणि ठरल्या वेळी येऊन दाखवा. वाढतोय असं दिसलं तर वेळेत पकडू. डॉक्टरांनी विचारलं, कोणी ओळखलं हे? भावानं माझ्या लेकीकडे बोट दाखवलं. डॉक्टर उठून उभे राहिले आणि त्यांनी तिच्याशी हात मिळवला. भावानं ते बघितलं. बाहेर आल्यावर तो स्टेशनजवळच्या दुकानांतून तिच्यासाठी उसाचा रस, मलई कुल्फी आणि वर बांगड्यांचा एक डबा असं काय काय घेत सुटला. ती म्हणत राहिली, "काका, बस ना," आणि तो घेतच राहिला.

तेव्हापासून रविवारी ती धाकटी उरणहून आमच्याकडे यायला लागली. चौकटीत आता ती झोपायची, मी माझी चौकट तिला दिली आणि भिंतीशी गेलो. कॉमेंट्रीत आत्याआजी सुद्धा मैदानात उतरली.

नववीत लेकीला टीममध्ये परत घेतलं. शाळांच्या स्पर्धेत त्यांची टीम दुसऱ्याच फेरीत हरली, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मी सुट्टी टाकून गेलो होतो. तिला खो मिळाला तेव्हा ती पाटीवरून अशी उठली की मी बाकड्यावर उभा राहिलो, आणि पळती मुलगी खांबाला वळायच्या आत हिनं सूर मारून तिच्या टाचेला हात लावला. मातीत पालथी पडली, कोपर सोलला, आणि आडवी पडल्या पडल्याच हात वर केला. पाठीचा बाक तसाच होता. त्या पाठीनिशी तिनं तो सूर मारला होता.

दहावीच्या सुट्टीत डॉक्टरांनी शेवटचे दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले. वाढ थांबली होती आणि बाक जिथे होता तिथेच राहिला होता. गेला नव्हता. जाणार नाही हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ब्रेसचे तास हळूहळू कमी करत तो सुटला. पहिल्यांदा ब्रेसशिवाय झोपली त्या सकाळी उठून म्हणाली, फार हलकं वाटतंय, जरा भीतीच वाटली. पायांचे व्यायाम तिनं सोडलेले नाहीत. सोडू नको म्हणून सांगावंही लागत नाही.

आता ती अकरावीत आहे. गेल्या महिन्यात तिला दाखवायला मॅडमकडे घेऊन गेलो होतो. बाहेरच्या बाकावर एक बाई तिच्या मुलीला घेऊन बसली होती. मुलगी आठवीतली असेल, अंगात कोरा ब्रेस, मान खाली घालून रडत होती. बाई काही बोलली की आणखी रडायची. माझी लेक आतून बाहेर आली, तिनं एकदा बघितलं आणि सरळ जाऊन त्या मुलीच्या शेजारी बसली.

"आत टी-शर्ट उलटा घालतेस का?" तिनं विचारलं.

मुलीनं मान वर केली. "उलटा?"

"शिवण बाहेर करून. मग ती टोचत नाही. हे डॉक्टर लोक सांगत नाहीत, त्यांनी घातलेला नसतो ना. आणि घट्ट बसणाराच घे, सैल असला की आत चुणी पडते. इथे लाल झालंय का तुझं, कमरेवर? दाखव."

मुलगी डोळे पुसून दाखवायला लागली. दोघी डोक्याला डोकं लावून काहीतरी बोलत राहिल्या. ती बाई उठून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात विचारलं, "या इथे काम करतात का?"

"नाही," मी म्हणालो. "माझी मुलगी आहे ती."

मला वाटतं मी ते गरजेपेक्षा मोठ्यानं बोललो, कारण काउंटरवरच्या पोरीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.